बाकावरची जागा

आमच्या वाडीतली एक मावशी राग आला की लगेच बोलत नाही. पोटावर हात ठेवते, एक श्वास पुरा घेऊन सोडते, मग तोंड उघडते. बाया हसतात, "थांबा गो, मावशीचं रेल्वे फाटक पडलंय!" तीही हसते.

शेजारच्या शेतकऱ्याने आमच्या बुद्धविहाराच्या वाटेवर कुंपण घातलं, तेव्हा तहसील कचेरीचा अर्ज मी लिहिला. वाडीतला पहिला ग्रॅज्युएट मीच. रविवारी वंदनेनंतर सगळे सुखी होवोत म्हणताना मावशीने त्या माणसाचंही नाव घेतलं. मी भडकलो.

"मावशे, मग अर्ज फाडू काय?"

"कशाला रं? वाट आपली हाय, ती घ्यायचीच. पन त्याचं वाईट मागून माझंच मन नासंल."

सुनावणीला आम्ही रोह्याला गेलो. तो माणूसही आला. बाक भरलेलं होतं. मावशी माझ्याकडे सरकली आणि त्याला म्हणाली, "बस भाऊ, साहेबांना यायला वेळ हाय. वाट मात्र आम्ही सोडनार नाय, हां!"

तो अंग चोरून बसला. मावशीचं म्हणणं मला पटलं होतं. तरी मी उठलो आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.