बोका दारात बसायचा

आई गेल्यावर म्हसवडजवळच्या आमच्या घरात तिचं मांजर तेवढं उरलं. करड्या रंगाची, नऊ-दहा वर्षांची भाटी. भाऊ फौजेत, तेराव्यानंतर त्याची सुट्टी संपली आणि तो गेला. घराला कुलूप लावायला मी मागं राहिले. भाटीला सांगलीला माझ्याकडं न्यायचं ठरवलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नगं नेऊ गं पोरी. मांजार मानसाला न्हाई, घराला धरतंय. हितंच ऱ्हाऊ दे, मी घालीन दूध."

मी ऐकलं नाही. आईच्या हाताची सवय असलेलं काहीतरी मला जवळ हवं होतं. मांजराला काय हवं होतं, हा विचार मनात आलाच नाही.

सांगलीत आमच्याकडं आधीच एक बोका होता. पिवळा, तीन वर्षांचा, लाडावलेला. दुसरं मांजर त्यानं घरात कधी पाहिलं नव्हतं. एसटीतून उतरून घरी आल्या आल्या मी टोपलीवरचं फडकं हॉलच्या मधोमध सोडलं. हुंगतील, ओळख होईल, असं वाटलं. बोका दुप्पट फुगला. भाटी फिसकारली आणि स्वयंपाकघरात सिलिंडरच्या मागं जाऊन बसली.

दोन दिवस गुरगुर चालली. मग घर शांत झालं. ती सिलिंडरमागं असायची आणि बोका स्वयंपाकघराच्या दारात पाय दुमडून तिच्याकडं बघत बसायचा. तासन् तास.

मी नवऱ्याला म्हणाले, "बघा, जमायला लागलं. सोबत करतोय तिची."

नवरा म्हणाला, "बरं झालं. मला तर काळजीच वाटत होती."

दोघांच्या वाट्या मी दाराजवळ शेजारी शेजारी ठेवायची, एका पंगतीला जेवतील म्हणून. दोन्ही वाट्या रोज रिकाम्या व्हायच्या. मी कामाला निघून जायची.

आठव्या दिवशी तिला बाहेर काढायला हात घातला, तर हाताला नुसती हाडं लागली. तशीच रिक्षानं दवाखान्यात नेली. डॉक्टरबाईंनी तिचा ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या पडल्या होत्या.

"किती दिवस खाल्लं नाही हिनं?"

"खाते की. वाटी रोज रिकामी असते."

"हिला खाताना बघितलंय तुम्ही?"

बघितलं नव्हतं. मग दारातल्या बोक्याचं सांगितलं. बाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो सोबत करत नव्हता," त्या म्हणाल्या. "वाट अडवून बसला होता. मांजरं भांडली की आवाज होतो. एकानं दुसऱ्याला नुसतं बघून कोंडलं, तर कुणाला ऐकू येत नाही. यांना आधी वेगळ्या खोल्यांत ठेवायचं असतं. दाराआडून वास ओळखीचा झाला, की मग समोर."

इतके दिवस उपाशी राहिल्यानं तिचं लिव्हर बिघडलं होतं. मी रजा काढली, तिला आतल्या खोलीत ठेवलं, दार लावून घेतलं. सिरिंजनं पातळ खाणं भरवायची. ती गिळायची, थोड्या वेळानं ओकायची. बाहेरून बोक्याचा आवाज आला, की तेवढ्या अशक्तपणातही कान मागं पाडायची. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. नवऱ्यानं ओळखीच्यांच्या मळ्यात बांधाला पुरली. मी गेले नाही.

नवरा म्हणतो, "त्या मुक्या जनावराचा काय दोष?" दोष बोक्याचा नाही, हे मलाही कळतं. त्यानं त्याचं घर राखलं. पण तो मांडीवर आला की मी उठते. परवा तो तसाच खाली बसून माझ्याकडं बघत राहिला. मी दुसऱ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.