चामखिळीला बांधलेला केस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — कारण माझी पत्रकं तुम्ही वाचली असतील, आणि त्यातलं एक खोटं आहे.

आमच्या घरात मी अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांवरच वाढले. गंडेदोरे, उतारे, अंगारे — सगळ्यांवर तुटून पडायचे. आणि मग माझ्याच तर्जनीवर चामखीळ उगवली! हरभऱ्याएवढी. डॉक्टर ती जाळतात, असं ऐकलं होतं. भर सभेत कुणाला न भिणारी मी — त्या जाळण्याला घाबरले. कुणाला सांगणार?

लोणावळ्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्याच्या शेपटीचा एक केस मागून घेतला आणि परंदवडीला आत्याकडे गेले. केस आवळून बांधला की चामखीळ गळून पडते म्हणतात ना — तेच. आत्या हसून हसून खाली बसली. "पत्रकं तू लिवायची आन् केस मी बांधायचा? डॉक्टरकडं जा, भवाने!" मी हट्टच धरला. शेवटी तिनं बांधला.

चौथ्या दिवशी बोट वांग्यासारखं. डॉक्टर म्हणाले, चामखीळ विषाणूमुळे होते, ती साधीच होती. पण केसानं कातडी कापली, जखमेत जंतू शिरले, पू झाला. आणखी उशीर केला असता तर बोटावर बेतलं असतं. कुणी बांधला हा केस? मी म्हणाले — आत्यानं. मी नको म्हणत होते.

तिथेच थांबले का? नाही. बोट बरं झाल्यावर पत्रक लिहिलं — आत्याच्या अडाणीपणामुळे माझं बोट कसं जाणार होतं. काय जोरदार झालं होतं!

गावातल्या बुद्धविहारात ते वाटायला आत्याच पुढे, न वाचताच, नवी साडी नेसून. "माझ्या भाचीनं लिवलंय!" शेजारणीनं वाचून विचारलं, "व्हय गं, पोरीचं बोट तूच घालवत हुतीस?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खळखळून हसली. "मीच की! म्हणून सांगते, तुमी तरी डॉक्टरकडं जा." सगळ्या बाया हसल्या. दोघींनी तर पदराआड लपवलेले आपले चामखिळीचे हात बाहेर काढले आणि दवाखाना कुठे ते विचारलं. किती आनंदाची सकाळ होती ती!

एक वाक्य पुरलं असतं — आत्या नको म्हणत होती, केस मी आणला होता. मी पुढच्या बाईच्या हातात पत्रक दिलं.

गावात आत्याला आता 'केसवाली' म्हणतात. ती हसत ओ देते.