उत्तर तेवढं सांगू नका!

शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. पर्स झटकली की खडूची भुकटी पडावी तसे पडतात. चारचौघांत मी एक सांगायला घेते, की त्याच्या शेपटाला धरून दुसरा बाहेर येतो. ऐकणारे पोट धरून हसतात. हसा बापडे! त्या वेळी माझं डोकं किती फिरलं होतं, ते माझं मला ठाऊक.

तर मी महाडच्या एका हायस्कूलमधली विज्ञानाची बाई. मागे मला शाळेतून सोडवून महाड-पोलादपूरच्या प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण द्यायच्या कामाला लावलं. विषय काय, तर विज्ञान मुलांना शोधू द्या. प्रश्न मुलांनी विचारायचे, करून मुलांनी बघायचं, उत्तरापर्यंत मुलांनीच यायचं. शिक्षकाने फक्त एक करायचं. उत्तर सांगायचं नाही.

ऐकायला किती सोपं!

*

पहिल्या दिवशी मी तासभर जीव तोडून बोलले. मुलांच्या डोक्यात प्रश्न असतात, ते बाहेर येऊ द्या, त्यांना मोकळेपणाने विचारू द्या. सगळे भराभरा लिहून घेत होते. मला वाटलं, वा, पोचतंय!

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला.

"मॅडम, मुलांना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यायचे, हे लिहिलं. आता कोणते विचारू द्यायचे, तेवढे डिक्टेट करा."

बाकीच्यांनी पानं उलटली आणि सगळे पेनं सरसावून माझ्याकडे बघत बसले!

*

दुसऱ्या दिवशी म्हटलं, बोलणं पुरे, प्रयोग करू. प्रत्येक गटाला एक पाण्याचा ग्लास, एक अंडं आणि मीठ दिलं. साध्या पाण्यात अंडं बुडतं, भरपूर मीठ घातलं की तरंगतं. करा आणि जे दिसेल ते सांगा.

एका गटाचं अंडं शिळं निघालं. साध्याच पाण्यात टुणकन वर आलं. मला मनातून आनंद झाला, कारण आता इथे खरा प्रश्न उभा राहणार होता. मी मुद्दाम त्या गटाला आधी उठवलं. गटप्रमुख उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "साध्या पाण्यात अंडं बुडालं."

"अहो सर, तुमच्या डोळ्यांसमोर तरंगतंय ना ते!"

"हो मॅडम, पण पुस्तकात बुडतंय."

"मग आता काय करायचं?"

त्यांनी गटाशी चर्चा केली. चर्चा करा, हे मीच सांगितलं होतं. मग निर्णय आला, "अंडं बदलून द्या."

या सगळ्या गोंधळात शेवटच्या रांगेत सकपाळ गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीतल्या शाळेचे शिक्षक. उंच, हाडकुळे, आवाज मात्र असा की वर्गात शिकवायला लागले तर खालच्या शेतात बैल थांबावेत. प्रशिक्षणात ते एकदाही बोलले नाहीत. शेवटी अभिप्राय विचारला, तेव्हा जागेवरूनच म्हणाले, "चहा बरा होता."

मी मनातल्या मनात त्यांच्या नावावर काट मारली.

*

मग मी शाळांना भेटी द्यायला लागले. एका शाळेत बाई वनस्पती शिकवत होत्या. मला बघितल्याबरोबर त्यांनी मुलांना सांगितलं, "आज मी उत्तर सांगणार नाही हं. तुम्हीच शोधा. पान स्वतःचं अन्न कसं तयार करतं? प्रका..."

मुलं गप्प.

"प्रकाश..."

मुलं गप्पच.

"प्रकाशसंश्ले...?"

"षण!" अख्खा वर्ग ओरडला. छपरावरचा कावळा उडाला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, उत्तर सांगायचं नव्हतं ना?"

त्या दुखावल्या. "मी कुठं सांगितलं मॅडम? शेवटचं मुलांनीच शोधलं!"

*

याच सुमाराला आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं 'आउटपुट' लागतं. देवळात गेले तरी घंटा वाजवून आवाज कुठवर गेला ते विचारतील.

"मॅडम, तुमच्या प्रशिक्षणाचं आउटपुट काय?"

मी बदलाची प्रक्रिया, मानसिकता वगैरे सुरू केलं. त्यांनी हात वर केला.

"मला एक वर्ग दाखवा. एकच. जिथं शिक्षक उत्तर सांगत नाही आणि तरी मुलं शिकतायत. दिवाळीच्या सुट्टीच्या आत. नाहीतर दिवाळीनंतर प्रशिक्षण बंद. सगळ्यांना मोबाईलवर व्हिडिओ पाठवू आणि तुम्ही तुमच्या शाळेत हजर व्हा."

खरं सांगते, मी या कामाला दिवसातून दहा वेळा शिव्या घालत होते, पण ते मला सोडायचं नव्हतं. मी स्वतः विज्ञान घोकून पास झालेली मुलगी. कशाला हात लावून बघितलाय, असं मला माझ्या शाळेतलं काही आठवत नाही. आपल्या भागातली चार पोरं तरी तशी मोठी होऊ नयेत, एवढंच वाटत होतं. आणि आता ते शिक्षक घरी भाजी निवडता निवडता व्हिडिओ चालू ठेवणार, मुलांना पुन्हा 'संश्ले...षण'!

एक वर्ग. दोन तालुक्यांत मिळून एक वर्ग मिळू नये?

*

मिळाला, असं मला एकदा वाटलं होतं. एका शाळेत गेले, तर पोरं धडाधड प्रश्न विचारायला लागली. "बाई, मूळ खालीच का जातं?" त्याच्या शेजारचा, "बाई, पाऊस तिरका का पडतो?" त्याच्या शेजारची, "बाई, काजव्याला चटका का बसत नाही?" असले सुंदर प्रश्न! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. साहेबांना फोन करायला मोबाईल हातात घेतलासुद्धा.

तेवढ्यात एक जागा रिकामी आली आणि सगळं थांबलं. पुढची मुलगी शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत बसली. मला काही कळेना. शिक्षक घाईघाईने पुढे आले.

"सॉरी मॅडम, सुजल आज गैरहजर आहे. त्याचं कुतूहल उद्या दाखवतो."

मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि घरी आले. त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" त्याने हात जोडले. "ही तुमच्या खात्याची लागण घरात आणू नकोस. सरळ उत्तर देत जा."

*

दिवाळी तोंडावर आली आणि ऑफिसात एक माणूस तक्रार घेऊन आला. मुंबईत नोकरीला, सुट्टी काढून गावी आलेला. साहेबांसमोर मलाही बोलावलं.

"साहेब, आमच्या गुरुजींना काय येत नाय," तो तावातावाने म्हणाला. "पोरीनं काय पण इचारलं तर उत्तरच देत नाय. नुसते भुवया उडवतात! आणि पोरगी घरी येऊन माझं डोकं खाते. आमटीवर झाकण ठेवलं तर झाकणाला पाणी का, इचारते. मी बोललो, मला काय माहीत? तर बोलते, पप्पा, तुम्हाला काय वाटतं? अवो, मला काय वाटणार? मी सिक्युरिटीत हाय! फुल टेन्शन झालंय साहेब."

"कोण गुरुजी?" साहेबांनी विचारलं.

"सकपाळ गुरुजी."

मी खुर्चीतून उठलेच. चहा बरा होता, म्हणणारे सकपाळ गुरुजी! सगळं ऐकलं होतं तर त्यांनी, भिंतीला टेकून! मला इतका आनंद झाला, की त्या माणसाला मी, "फार चांगली तक्रार आणलीत हो!" असं म्हणून बसले. तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला.

साहेब म्हणाले, "उद्या आपण दोघं जाऊ. हाच तुमचा वर्ग समजायचा. शेवटचा."

*

पोलादपूरला साहेबांनी गाडी थांबवून पाण्याची बाटली घेतली, अर्धी बर्फ झालेली. कापडे गावाच्या पुढे चढ लागला, वळणं सुरू झाली. साहेब डोळे मिटून बसले आणि मी सकपाळ गुरुजींच्या सत्काराचं भाषण मनातल्या मनात करत राहिले.

शाळेच्या दारात गुरुजी उभे होते, गळ्याला मफलर. साहेब चपला काढायला वाकले, तेवढ्यात गुरुजींनी मला बाजूला घेतलं. तो बैल थांबवणारा आवाज नव्हताच. नुसती हवा बाहेर येत होती.

"मॅडम, घसा पार बसलाय. डॉक्टर बोललेत, दिवाळीपर्यंत तोंड उघडायचं नाय. महिना झाला, पोरांना खुणांनीच चालवतोय. आज तुमीच काय ते बोला."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझा घसा फुटेपर्यंत ओरडून जे झालं नाही, ते यांचा घसा बसल्यामुळे झालं होतं! रडावं की हसावं, कळेना. साहेबांना सांगावं, तर प्रशिक्षण तिथेच संपलं. मी तोंड मिटून आत गेले आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. अगदी सकपाळ गुरुजींसारखी.

*

साहेबांनी खुर्चीत बसून बाटली टेबलावर ठेवली. गुरुजी फळ्यावर काहीतरी काढायला लागले, पण फळ्याकडे कोण बघतंय? पहिल्या ओळीतली एक मुलगी बाटलीकडे टक लावून बसली होती. ती त्या सिक्युरिटीवाल्याचीच सानिका.

"गुरुजी, सायबांची बाटली गळते!"

खरंच, बाटलीखाली टेबल ओलं झालं होतं. साहेब हसले आणि उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात गुरुजींनी भुवया उडवल्या. साहेबांकडे बघून नव्हे, मुलांकडे बघून. पण साहेबही गप्प बसले.

झालं! पोरं टेबलाभोवती जमली. एकाने बाटली शर्टाने कोरडी पुसली. पुन्हा ओली. एकाने उलटी करून, दाबून बघितली. कुठेच भोक नाही. सानिका पळत जाऊन खिचडीच्या खोलीतून चिमूटभर हळद घेऊन आली आणि साहेबांच्या पिण्याच्या पाण्यात टाकली! साहेब बघतच राहिले.

"आता गळली तर पिवळी गळेल," ती म्हणाली.

बाटली पुन्हा पुसली. सगळी डोकी खाली वाकली. बाहेर थेंब आले, स्वच्छ.

"बघ गो, गळत नाय!" एकजण ओरडला.

"कशावरनं?" दुसरा म्हणाला. "माठ पाझरतो ना, तसं असंल. हळद आत अडकली, पाणी भायेर आलं."

मी मागे बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. असला तर्क माझ्या हायस्कूलच्या वर्गात मी कधी ऐकला नव्हता! गुरुजींनी पुन्हा भुवया उडवल्या. वर्ग विचारात पडला. साहेबांना मात्र दम धरवेना.

"अरे बाळांनो, ते बाटलीतलं नाही! हवेतलं बाष्प आहे ते. थंड झालं की त्याचं पाणी होतं."

सानिकाने मान वर करून साहेबांकडे बघितलं. उद्धटपणे नाही, अगदी सरळ.

"तुमी बघितलंय?"

साहेब म्हणाले, "पुस्तकात आहे."

 तिने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी खांदे उडवले. मग तीच हळूच म्हणाली, "रिकामा गलास थंड करून बघाया पायजे. आत पाणीच नसंल, आणि तरी भायेरनं भिजला, तर सायेब बरोबर."

"अगं, पण गार कशात करणार?" मागून कोणीतरी म्हणालं. "शाळेत फ्रीज कुठं हाय?"

तिथेच घोडं अडलं. घंटा झाली. साहेब उठले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. पिवळी बाटली टेबलावरच राहिली.

*

परतीच्या वाटेवर मी दोनदा विचारलं, "साहेब, मग प्रशिक्षणाचं काय ठरवलंत?" ते खिडकीबाहेर बघत होते. मी समजले. आवरा आता, म्हटलं, दिवाळीनंतर आपली शाळा बरी.

पोलादपूरला त्यांनी गाडी थांबवली. सकाळच्याच कोल्ड्रिंकच्या दुकानात गेले.

"एक काचेचा ग्लास द्या. कोरडा. आणि तो फ्रीजरमध्ये ठेवा."

"काय भरून देऊ साहेब? लस्सी? सरबत?"

"काही नको. रिकामाच."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

आम्ही चहा घेतला. साहेबांचं लक्ष चहाकडे नव्हतं. मग त्यांनी ग्लास मागून घेतला, आत बोट फिरवून कोरडा आहे ना बघितलं, बाहेरून रुमालाने पुसला आणि रस्त्याच्या कडेला उजेडात जाऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर, ग्लास नाकाशी. दुकानदार बाहेर आला. रिक्षावाले जवळ आले. आमचा ड्रायव्हरही उतरला.

काच हळूहळू धुरकट व्हायला लागली.

मला राहवेना. मी पुढे झाले. "साहेब, याचं कारण असं की हवेतलं जे..."

साहेबांनी ग्लासावरची नजर न काढता दुसरा हात वर केला.

"मॅडम, सांगू नका!"