दिवा विझेपर्यंत

एकनाथरावांना किळस येत नाही अशा गोष्टी या जगात फार थोड्या. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी, जिन्याचा कठडा, कुणीतरी आधी वाचून घडी घातलेलं वर्तमानपत्र, सगळ्याला एकच शब्द, "श्शी!" कॉलेजच्या ऑफिसात कुणी थुंकी लावून पान उलटलं, की हेडक्लार्क एकनाथराव त्याच्याकडे असं बघतात, की थुंकी जागच्या जागी वाळावी.

अशा माणसानं जुनी गाडी घेतली ती बायकोसाठी. जन्मभर स्कूटरवर मागं बसून रुक्मिणीबाई सोलापूरच्या उन्हात पार रापल्या होत्या. आता एसीत बसवून वळसंगला बहिणीच्या वास्तुशांतीला न्यायचं, एवढीच एकनाथरावांची हौस. आणि नेमका समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

"तो विझल्याशिवाय मी बसणार नाही," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "गाडी बोलून दाखवतीय की, बरं नाही म्हणून. मी आपली एसटीनं जाते."

बहिणीच्या दारात बायको एसटीतून उतरणार, या कल्पनेनंच एकनाथरावांचं तोंड कडू झालं.

दिव्याच्या जोडीला वासही होता, आंबूस, कोंदट. त्याचा आळ त्यांनी रोज गाडीतून सोबत येणाऱ्या, ऑफिसातल्या उदयसिंहाच्या मोज्यांवर घेतला. बिचारा त्या दिवसापासून बसनं येऊ लागला. वास मात्र गेला नाही.

मेकॅनिक कल्लप्पानं यंत्र लावून दिवा विझवला, पण घरी पोचेपर्यंत तो पुन्हा हजर. "सेन्सर म्हणतंय यंत्र," कल्लप्पानं सांगितलं. "पण का म्हणतंय, ते सांगत न्हाय."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी कल्लप्पा घरी आला. रुक्मिणीबाई आत चहा टाकत होत्या. त्यानं बॉनेट उघडून इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण उचललं आणि नाकाला रुमाल लावला.

"अय्यो! साहेब, हितं कुणाचं तरी लगीन झालंय!"

आत उंदरानं संसार थाटला होता. वातींच्या कापसाची गादी, लेंड्यांची रास, कुरतडलेली वायर आणि मधोमध बुरशी आलेलं पुरण.

"श्शी! शी! शी!" एकनाथराव भिंतीपर्यंत मागं गेले. "गाडीत पुरण कुठून येईल?"

म्हणाले आणि थबकले. अमावस्या! दर अमावस्येला रुक्मिणीबाई गाडीची पूजा करत. बॉनेट तेच उघडून देत आणि हळदीकुंकवाचे डाग बघवत नाहीत म्हणून तोंड फिरवून उभे राहत. पुरणपोळीचा नैवेद्य खाली ठेवला तर कुत्री पळवतात, म्हणून त्यांनी तो गाडीच्या पोटाशीच, झाकणाखाली सारला असणार. गाडीला सुखरूप ठेव, म्हणून.

"वै..." कल्लप्पानं हाक मारायला तोंड उघडलं.

"ए, गप!" एकनाथराव पुढं झाले. ना हातमोजा, ना कागद. उघड्या हातानं त्यांनी तो सगळा संसार, पुरणासकट, उचलून डस्टबिनच्या पिशवीत कोंबला. पिशवीला घट्ट गाठ मारली.

रुक्मिणीबाई चहा घेऊन आल्या. "सापडलं व्हय?"

"वायर सैल होती," एकनाथराव म्हणाले. हात पाठीमागं होते.

कल्लप्पानं वायर जोडली, यंत्र लावलं. दिवा विझला तो विझलाच. साबण मात्र त्या दिवशी अर्धा झिजला.

वळसंगला रुक्मिणीबाई एसीत बसून गेल्या आणि दारात उतरताना पदर जरा जास्तच सावरत होत्या.

पुढच्या अमावस्येला एकनाथरावांनी तोंड फिरवलं नाही. "नैवेद्य इकडे दे. मी ठेवतो नीट." त्या आरतीसाठी आत वळल्या, तसे ते बॉनेटमागं वाकले.

"पोचला का हो गाडीला?" आतून विचारणा झाली.

"पोचला की," एकनाथराव म्हणाले. पुरणपोळीनं भरलेल्या तोंडानं जेवढं स्पष्ट म्हणता येतं, तेवढं.