अनोळखी-एक

शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत बसतो त्याला सगळे दोरेवाला म्हणतात. खरे दोरे विकते त्याची धाकटी बहीण. हा एकदा एका गिऱ्हाइकाला सांगून बसला, "माहितीला माहितीची गाठ मारायची, एवढंच माझं काम," आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. एरवी तो पाणीपट्टीच्या कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळतो. उरलेला सगळा जीव एका लायब्ररीत. ही पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपल्या कामाला जोडून घ्यावी अशी तयार कोडची पेटी. कुणीही न्या, उघडून बघा, बदला, पैसे नाहीत.

"पेटी उघडी, गल्ला रिकामा," बहीण म्हणते.

पेटी करते ते असं. 'हा माणूस, राहतो, त्या गावी' अशी तीन तुकड्यांची वाक्यं साठवते आणि ठिकठिकाणच्या याद्यांमधली वाक्यं जोडून एक मोठं जाळं विणते. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला तात्पुरती खूण मिळते: अनोळखी-एक, अनोळखी-दोन. खूण त्या यादीपुरतीच खरी. दोन याद्या जोडताना खुणा आधी बदलाव्या लागतात, नाहीतर इथला अनोळखी-एक आणि तिथला अनोळखी-एक मिळून एकच माणूस होऊन बसतो. त्या धंद्यातलं हे अगदी पहिलीचं गणित. पण ते करायला वेळ लागतो.

आणि वेळेवरूनच एकजण त्याच्या मागे लागला होता. कधी भेट नाही, बोलणं नाही, नुसते निरोप; बहिणीने त्याचं नाव घाई ठेवलं होतं. "सर, लायब्ररी छान आहे, पण गोगलगाय आहे. सर, बाकीचे कुठल्या कुठे गेले." दोरेवाला वाचून दाखवायचा आणि बहीण मशीन थांबवून तोच सूर लावायची, "सर, झबलं छान आहे, पण बाळाचं लग्न झालं."

हसून हसून शेवटी ते त्याला लागलं. त्याने आडवाट काढली: दोन याद्या एकाच ठिकाणाहून आल्या असतील तर खुणा बदलायच्याच नाहीत. एका घरात एकाच नावाची दोन माणसं कशाला असतील? पेटी भन्नाट पळायला लागली. घाईने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

मग एका रविवारी दुपारी फोन आला. त्याच आठवड्यात एक फेरीबोट उलटली होती; त्यातली बेपत्ता माणसं शोधायला जी कचेरी उघडली होती, तिथला कारकून बोलत होता.

"म्हणजे कसं आहे ना साहेब, आमच्याकडे एक माणूस वॉर्डात पण आहे आणि शवागारात पण आहे. तुमच्या त्या पेटीत हे असं चालतं का?"

दोरेवाला हसला. "याद्या कुठून आल्या?"

"दोन हॉस्पिटलांच्या. पण चढवल्या आमच्याच टेबलावरून, दोन्ही."

एकाच टेबलावरून. त्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

"स्क्रीनवर काय दिसत होतं?"

"नवी नोंद वर येते ना. म्हणजे माणूस वॉर्डात. आणि खाली खूण, करंगळी अर्धी. एका बाईंनी नवऱ्याची तीच खूण सांगितली होती. म्हणजे कसं आहे ना, आम्ही त्यांना कळवून टाकलं, सापडले म्हणून. त्या निघाल्यात."

त्याने दोन्ही याद्या मागवून घेतल्या आणि दोन्हींतले अनोळखी-एक हाताने वेगळे केले. करंगळी वॉर्डातल्याची निघू दे, असं मनात घोकत होता. ती शवागारातल्याची निघाली.

बहीण दारात येऊन उभी राहिली. "काय रे दादा? तोंड का असं?"

त्याने सांगितलं. मग म्हणाला, "कारकून कळवेल तिला. त्याचंच काम आहे ते."

"म्हणजे कसं आहे ना," बहीण हुबेहूब कारकुनाच्या आवाजात म्हणाली, पण हसली नाही. "हे ऐकायचं का तिने? गाठ तू मारलीस. तूच सोडव."

त्याने कारकुनाकडून त्या बाईंचा नंबर घेतला. फोन लगेच उचलला गेला.

"बोला. जरा हळू बोला हं, मी वॉर्डात आहे."

पोचली होती. तो आपण कोण ते सांगणार, तोवर तीच बोलू लागली.

"हे आमचे नाहीत हो. यांची बोटं सगळी शाबूत आहेत. पण माझा हात धरलाय, सोडतच नाहीत, म्हणून बसलेय जरा. तुम्ही कचेरीतले ना? मग आमचे कुठे आहेत?"

'कचेरी कळवेल' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बहीण समोर उभी होती.

"ताई, मी कचेरीतला नाही. ज्या कोडवर त्यांचं काम चालतं ते माझं आहे, आणि चूक त्यातच होती. तुमचे दुसऱ्या हॉस्पिटलात आहेत. ते राहिले नाहीत."

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

"करंगळी?"

"अर्धी."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवायचं तिला सुचलं नाही. तिचा आवाज थोडा लांबून आला, "सोडा हो आता हात. मला जायचंय."

त्याच संध्याकाळी त्याने आडवाट काढून टाकली. पेटी वापरणाऱ्या सगळ्यांना काय चुकलं, कुणाला भोगावं लागलं, ते सरळ लिहून कळवलं आणि जोडलेल्या याद्या पुन्हा तपासा म्हणून विनवलं.

दोन दिवसांनी घाईचा निरोप आला. दोरेवाल्याने सवयीने मोठ्याने वाचला, "सर, परत गोगलगाय?"

बहिणीने मशीन थांबवलं नाही.

"हो," एवढंच त्याने लिहिलं.