मध्यंतरानंतरचा नंदलाल

नंदलालला सिनेमा कळत नाही हे तुमसरात आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो स्वतःच ते सांगत फिरतो. "आपलं डोस्कं सिनेमाले चालत नाही," असं तो म्हणतो, जसं एखाद्याने म्हणावं की मला वांगं सोसत नाही. राईस मिलच्या भट्टीवर त्याने उमर काढली, आता घरी बसून बायकोची बोलणी खातो.

तर असा हा माणूस मे महिन्याच्या भर दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून माझ्या सायकलच्या दुकानात आला आणि म्हणाला, "अंकुशभाऊ, एक असा सिनेमा सांग, ज्याचा शेवट गोड आहे."

मी ट्यूब पाण्यात बुडवून बसलो होतो. म्हटलं, "ऊन लागलं का तुले?"

ऊन नव्हतं लागलं. यंदा टॉकीजवाल्याला नवे सिनेमे परवडेनात, म्हणून त्याने दुपारच्या खेळाला जुने सिनेमे लावायला सुरुवात केली होती. दर शुक्रवारी एक. पुढे कोणते येणार ते बाहेर फळ्यावर लिहिलेलं. लोक सिनेमापेक्षा कुलरच्या हवेसाठी जातात असं माझं मत आहे, पण गर्दी होत होती हे खरं. नंदलालची पोरगी अंजू गोंदियाहून माहेरपणाला आली होती. तिने जाहीर केलं, आईबाबांना एक सिनेमा दाखवीन, कोणता ते तुम्हीच निवडा. आणि नंदलालची झोप उडाली.

"अबे, पोरगी सिनेमा दाखवून राहिली तं जा ना! रडून काहून राहिला?"

"तुले मालूम नाही," तो म्हणाला, आणि खाली बसला.

मला निम्मं माहीत होतं. जवानीत मी रिक्षात बसून भोंग्यावर याच टॉकीजच्या सिनेमांची जाहिरात ओरडायचो. ही दोघं नवराबायको एका तिकिटावर सिनेमा पाहतात हे तेव्हाच मी पाहिलं होतं. दुर्गाबाई दिवसभर बिड्या वळायची. संध्याकाळच्या खेळाला जायला सासूने परवानगी दिली, पण स्वयंपाकाच्या वेळेला घरात पाहिजे, या अटीवर. नंदलाल मिलमधून सुटायचा मध्यंतराला. मग ती बाहेर यायची, गेटवर उभ्याउभ्याच त्याला पहिला भाग सांगायची, आणि तो तेच अर्धं तिकीट घेऊन आत जायचा. गेटवाला ओळखीचा होता, तो तोंड फिरवायचा. रात्री जेवताना नंदलाल तिला दुसरा भाग सांगायचा. असे वर्षानुवर्षं त्यांनी सिनेमे पाहिले. गल्लीतले लोक हसायचे, मीही हसायचो. पण मनातून हेवा वाटायचा.

माहीत नव्हतं ते नंदलालने आता सांगितलं. "दुर्गा गेटवर जे सांगे ना, ते अन आत जे दिसे, त्याचा मेळच नाही बसे. ती सांगे हिरोची माय आंधळी आहे, आत पाहतो तं माय सुईत दोरा टाकून राहिली. म्या म्हटलं, आपलंच डोस्कं गोटा. मंग घरी गेल्यावर तिच्या कथेले जमन असा गोड शेवट म्या माहाच बनवून सांगो."

"सगळ्या सिनेमांचा?"

"तेच तं आठवत नाही! एखाद्याचा खराही सांगतला असन. पण कोणाचा?"

आता माझंही डोकं गरगरायला लागलं. बरं, फळ्यावरच्या नावांवरून त्याला काही उमगत नव्हतं. त्यांच्या घरी सिनेमांना स्वतःची नावं होती: आंधळ्या मायचा, बैलगाडीचा, त्या टकल्याचा. फळ्यावर यातलं एकही नाव नव्हतं. मी माझ्या आठवणीतून सिनेमे सांगू लागलो, तर मला प्रत्येकाची फक्त सुरुवात येत होती. जाहिरातीत शेवट थोडाच ओरडतात! मला सुरुवाती, त्याला शेवट, आणि कोणती सुरुवात कोणत्या शेवटाची ते दोघांनाही सांगता येईना. एक ट्यूब मी दोनदा चिकटवली.

"खरे शेवट दिसले तर काय होते?" मी शेवटी वैतागून म्हणालो. "बायको दोन शिव्या देईल. रोजच देते."

तेव्हा त्याने खरी गोष्ट सांगितली. एका सिनेमातल्या नायिकेवरून त्यांनी पोरीचं नाव अंजू ठेवलं होतं. "ते अंजू बुडते, भाऊ. पुराच्या नदीत. म्या डोळ्यानं पाह्यलं. घरी आलो तं दुर्गा चुलीसमोर, दिवस भरत आलेले, अन पोस्टरवर पुरातली अंजू पाह्यली होती म्हणून पयलंच विचारलं, वाचली का जी? म्या म्हटलं, वाचली. दुर्गानं गेटवर सांगतलं होतं का तिचा भाऊ नावाडी आहे. तं म्या भावाच्याच नावेत बसवून दिली तिले."

आणि हे खोटं तिथे थांबलं नव्हतं. अंजूला टायफॉइड झाला तेव्हा, अंजूचा संसार मोडता मोडता राहिला तेव्हा, दुर्गाबाईने दर वेळी तिला हेच सांगितलं होतं: तुह्या नावाची बाई पुरातून वाचून आली, तू कायले भेतेस? पोरीने ते ऐकून कंबर कसली होती. "आता त्या दोघीनं पडद्यावर पाह्यलं तं?" नंदलाल म्हणाला. "दुर्गा माह्या एका शब्दावर भरोसा ठेवन का?"

मी उपाय सांगितला, तो असा की कोणताही विनोदी सिनेमा निवड. उपाय उत्तम होता. पण तो घरी पोचेपर्यंत अंजूने मोबाईलवर शोधून काढलं होतं की फळ्यावरच्या नावांपैकी कोणत्या सिनेमात नायिकेचं नाव अंजू आहे, आणि दुर्गाबाईने "हाच" म्हणून निकाल दिला होता. नंदलालने पोट दुखतं म्हणून पाहिलं. तिने ओवा दिला.

शुक्रवारी त्याने मलाही ओढत नेलं. आम्ही चौघं एका ओळीत: अंजू, दुर्गाबाई, नंदलाल, मी. अंधार झाला, सिनेमा सुरू झाला. थोड्याच वेळात नंदलाल माझा दंड दाबू लागला.

"भाऊ, हा दुसराच सिनेमा दिसते. तिचा भाऊ कुठी हाय?"

"येईल."

भाऊ आलाच नाही. नायिका मास्तरची एकुलती एक पोर निघाली. होडी नाही, नावाडी नाही. नंदलाल पडद्याकडे पाही, बायकोकडे पाही, पुन्हा पडद्याकडे. आणि दुर्गाबाई? ती पुढे सरकून, तोंड उघडं ठेवून, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहत होती.

मध्यंतराला अंजू समोसे आणायला गेली. नंदलालने विचारलं, "दुर्गे, भाऊ कुठी गेला वो?"

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "भाऊ नव्हताच जी. मी झोपत होती."

"कवा?"

"दर खेपेले. लाईट बंद झाले का झोप. घंटी वाजली का जाग. गेटवर तुम्ही विचारत, काय झालं म्हणून. काही तं सांगा लागे ना."

नंदलाल तिच्याकडे वळून बसला. "मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुम्ही म्हणले असते, झोपाचंच आहे तं घरी झोप. घरी कोण झोपू देत होतं मले?"

मला त्या वेळी भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना. सासू तर कधीच गेली. बिड्यांची टोपली, पहाटेचं पाणी, दिरांचे डबे, हे सगळं मी समोरच्या घरातून रोज पाहत होतो, आणि मला दिसलं काय, तर नवराबायकोची मौज! नंदलालला मात्र भलताच प्रश्न पडला होता.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "माहं डोस्कं ठीक होतं?"

"ठीकच होतं," मी म्हटलं.

अंजू समोसे घेऊन आली, दिवे गेले, आणि त्याला आठवलं की अजून पूर यायचा आहे. पूर आला. त्याने डोळे मिटून घेतले. दुर्गाबाईने मिटले नाहीत. पडद्यावरची अंजू एकदा वर आली, दोनदा वर आली, मग नुसतं पाणी राहिलं. आमच्या अंजूने आईचा हात घट्ट धरला.

दिवे लागले. लोक उठले, दुर्गाबाई उठली नाही.

"हे तुम्ही एकट्यानं पाह्यलं होतं?" तिने विचारलं.

नंदलालने मान हलवली.

"अन घरी येऊन, मले हासत सांगतलं, वाचली म्हणून?"

"तू विचारलं ना," तो म्हणाला. "मंग काय सांगू?" वर्षानुवर्षांचं ते नदीचं पाणी आता त्याच्या डोळ्यांतून येत होतं, आणि ते लपवायला दुपट्टा सापडत नव्हता.

दुर्गाबाईने आपला पदर घेतला आणि भर टॉकीजमध्ये, पोरीसमोर, माझ्यासमोर, त्याचं तोंड पुसलं.