एका फाटकाचं एकमत

"अहो, पण हात वर केलात कशाला?"

"शंका विचारायला. सभेत मध्येच तोंड घालू नये, एवढं मला कळतं."

"शंका राहिली तोंडात आणि हात गेला मोजणीत."

सिस्टरने हे पातेलं घासता घासता सुनावलं. मास्तर स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे होते. जन्मभर शाळेत मुलांना 'आधी हात वर करा, मग बोला' म्हणत आले, त्याचं हे फळ.

कालच्या सभेत वसाहत संघाने आमच्या इमारतीसमोरचा बसथांबा उचलून चढावाच्या टोकाला न्यायचं ठरवलं. थांब्यावरची माणसं बंगल्यांच्या बागांकडे बघत उभी राहतात, अशी तक्रार होती. बसची वाट पाहणाऱ्यांनी मग बघायचं कुठे, ही मास्तरांची शंका. ती बिचारी कुणी ऐकलीच नाही.

संघात एका फाटकाला एक मत. बंगल्याचं फाटक, बंगल्याचं मत. आमच्या इमारतीत साठ बिऱ्हाडं आणि फाटक एकच. ते एकुलतं मत मास्तरांकडे आलं, कारण शाळा सुटल्यावर मास्तरांना काही उद्योग नसतो असा इमारतीचा समज.

सिस्टरचं आयुष्य दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत गेलं. पेशंटला बोलण्यात गुंतवायचं आणि तेवढ्यात सुई टोचून मोकळं व्हायचं, ही तिची हातोटी. बंगल्यांतले निम्मे दंड तिच्या ओळखीचे आहेत. इंजेक्शनला तिला मागच्या दाराने बोलावतात. पुढून आली तर कुत्रं भुंकतं म्हणे.

थांबा हलला की मास्तरांच्या आई, म्हणजे सिस्टरच्या सासूबाई, घरात अडकणार, कारण त्यांच्या गुडघ्यांना चढाव झेपत नाही. दर गुरुवारी त्या बसने लेकीकडे जातात, सुनेविषयी साठलेलं सगळं तिथे ओततात आणि हलक्या होऊन परततात. त्यावर हे घर आठवडाभर सुरळीत चालतं.

"माझं काय, बसेन घरात," सासूबाई आतून म्हणाल्या. "बोलायचं ते तुमच्याशीच बोलेन."

सिस्टरने हात पुसले, चपला घातल्या आणि तडक अध्यक्षांचा बंगला गाठला.

"या सिस्टर." अध्यक्षांनी सवयीने बाही वर सरकवली. "आज होतं का इंजेक्शन?"

"सुई नाही आणली. बसथांब्याचं बोलायचंय."

बाही खाली आली. "ते तर एकमताने झालं. तुमच्या इमारतीचंसुद्धा मत पडलं."

"साठ घरांचं एक मत. त्याला एकमत म्हणतात होय?"

"नियम फाटकाचा आहे. माणसं मोजत बसलो तर सभा आटपायची कधी?"

"मग तुमची मतं दोन कशी?"

"फाटकं दोन आहेत ना. हे आमचं, ते गाडीचं."

सिस्टरने गाडीकडे पाहिलं. गाडी मुकाट उभी होती. सासूबाईंच्या गुरुवारवर तिनेही मत दिलं होतं तर.

"पुन्हा मांडता येईल?"

"अवश्य. कुणाही फाटकवाल्याने मांडावं."

सिस्टर परत आली तेव्हा घरात सासूबाईंनी सुरुवात केलेली होती. चहा पाणचट असतो इथवर गाडी आली होती आणि मास्तर लेकीच्या जागी बसून माना डोलवत होते. सुनेला पाहूनही सासूबाई थांबल्या नाहीत. उरलेलं तिच्या तोंडावर सांगून टाकलं.

सिस्टरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"परवा गवंडी येतोय," ती मग म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना येता येता विचारलं, ती तयार आहेत. रस्त्याकडच्या भिंतीत फाटकं पाडायची, मावतील तेवढी."

"अगं, पण हे नियमात बसतं का?" मास्तरांनी विचारलं. विचारताना हात अर्धा वर गेलाच.

"खाली घ्या तो. पुढच्या सभेला आपल्या फाटकातर्फे आई जातील. तुम्ही घरी थांबायचं."